आतल्या बाजूनं

कावळा नाक्याच्या रस्त्याला
महापालिकेनं पांढरा पट्टा ओढलाय,
सायकलचं चित्रसुद्धा काढलंय.
डबे घेऊन निघालेल्या रत्नव्वाची
तिथंच मान आखडते.
मागून उसाचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या,
ठणाणा गाणं.
"पट्टा त्येला वाचता येतोय व्हय?"

म्हणून ती राजारामपुरीच्या मागच्या गल्लीनं जाते.
लांब पडतं. खड्डे. एक कुत्रं रोज भुंकतं.
पण गटाराच्या कामाचे दगड
कुणी उचललेलेच नाहीत,
गुडघ्याएवढे, ओळीनं.
त्यांच्या आतल्या बाजूला
तिचा एक हात हँडलवरून सुटतो,
पदर नीट करतो.

मोजणीला आलेल्या पोराला म्हणाली,
"सुरक्षित का काय ते ठावं न्हाई.
हितं मागं बघाय लागत न्हाई, येवढंच."

दगड सोमवारी हलवणार आहेत.