एकसष्टावं पान

पलंगावर धुतलेली चादर अंथरून
मी एकसष्ट पानं मांडली आहेत.
नियम साठांचा आहे.
पंखा बंद. इंदूरचा मे, तरी बंद.
यातलं एखादं उडून मोरीत गेलं
तर पुन्हा छापणारं कोणी नाही.

शनिवारी खजुरी बाजारात
पंजवानींच्या वह्या-रजिस्टरांच्या दुकानावर
जो माळा आहे, तिथे डाव आहे.
अठ्ठ्याण्णवच्या आधी छापलेलीच पानं चालतात.
भिडू बहुतेक
अठ्ठ्याण्णवच्या नंतर छापलेले.

माझी सगळी पानं टाकून दिलेली.
मल्हारगंजची गच्ची, पराग, त्याचे तीन मित्र,
आणि मस्कतहून आलेलं एक खोकं.
त्यांनी राक्षस वाटून घेतले, विजा वाटून घेतल्या,
मग म्हणाले, उरलेलं तायडे तुला.
उरलेलं म्हणजे दलदल, बारा पानं.
भिंत. आणखी एक भिंत.
एक म्हातारी, जी फक्त जखमा बांधते.
एक बेडूक, ज्याला मारलं
तर मारणाऱ्याच्याही हातातलं एक पान जातं.

अक्षर बारीक होतं, इंग्रजी होतं.
त्यांनी चित्रं पाहिली.
मी डिक्शनरी घेऊन बसले, दुपारच्या दुपार.
जून उजाडेपर्यंत एकाही राक्षसाला
माझी भिंत ओलांडता आली नाही,
आणि मग त्या चौघांनी ठरवलं
की आता क्रिकेट खेळू या.

तर साठ.
चोवीस जमिनी. त्यांना हात लावायचा नाही,
मीठ कमी करून माणसं जेवायला बसवत नाहीत.
भिंती चार. म्हाताऱ्या चार: दोन घरच्या,
दोन भोपाळहून पोस्टाने आल्या,
कोपरे मऊ, पाठ पांढुरकी, पण चालत्या-बोलत्या.
बेडूक तीन. चौथा मिळतच नाही,
आणि तिसऱ्याला परागने बॉलपेनने मिशा काढल्यात
म्हणून त्याला बाजारात पाच रुपयेही नाहीत.
खोळीत घातला की
तोही इतरांइतकाच सरळ उभा राहतो.

राहता राहिला ड्रॅगन.
होस्टेलला निघताना पराग तो डिक्शनरीत ठेवून गेला.
विसरला की दिला, मी विचारलं नाही.
विचारलं असतं तर परत द्यावा लागला असता.
परवा पुण्याहून त्याचा फोन:
तायडे, तो लाल, पंख पसरलेला, आहे का गं?
त्याने आकडा सांगितला.
त्यात जुनी मारुती आली असती.

काल रात्री मी स्वतःशीच अकरा डाव खेळले,
डावा हात परका, उजवा माझा.
चार वेळा ड्रॅगन हातात आला
आणि हातातच बसून राहिला.
त्याला सात जमिनी लागतात, त्याही लाल.
माझ्याकडे दलदल.
मोठा पाहुणा यावा, पाट नको म्हणावा, खुर्ची मागावी,
आणि घरात खुर्ची नसावी, तसं.
मिशांचा बेडूक मात्र सहा वेळा मेला
आणि सहाही वेळा
कुणाचं तरी घेऊन गेला.

मी परागला फोन लावला.
म्हटलं, कुरिअर करते. साठात बसत नाही.
बराच वेळ नुसती पुण्याची रहदारी ऐकू आली.
मग म्हणाला,
आणि तो बेडूक?

आता पानं पिसते आहे.
जुना पुठ्ठा वेगळा वाजतो,
सुपात डाळ घोळल्यासारखा.
शनिवारी माळ्यावर एखादा पोरगा
राक्षस पुढे करील, मी बेडूक टाकीन,
तो वाकून पाहील:
आंटी, ये करता क्या है?
मी पान त्याच्याकडे फिरवीन.
बारीक आहे,
म्हणेन, पण पढ़ ले.