अकरा सेकंद

औलूत तीनलाच काळोख पडतो.
ताइस्तोने मेकफाइल उघडली, एकोणीस वर्षांची,
टॅब आणि स्पेसच्या भांडणांतून तगलेली.
सातशे बाराव्या ओळीवर त्याचीच टीप:
ही ओळ काढू नका. का, ते मलाही विचारू नका.

वेन्लाने काढली.
नव्या टूलला त्याचं काहीच वाटलं नाही.

पूर्वी बिल्ड लावायचा नि उठायचं.
चाळीस मिनिटं. खिडकीशी कॉफी,
गोठलेल्या समुद्राबद्दल काहीबाही;
तिच्या घटस्फोटाचं त्याला तिथंच कळलं होतं.

आता अकरा सेकंद,
कूस बदलावी तेवढ्यात हिरवी खूण.

आज बोटांनी जुनीच कमांड दिली,
अंगवळणी पडलेली.
अशी कमांड नाही, स्क्रीन म्हणाला.

वेन्लाने मान वर केली:
'चल. चालू आहे म्हणून समज.'