दोनशेला एक

खाण बंद झाली त्या साली
शेठने अठरा महिन्यांच्या पगाराऐवजी
मला जीप दिली.
कोऱ्या कागदावर सही घेतली, वर म्हणाला,
"मॅडम, लोखंड आहे. लोखंड फसवत नाही."
ती एकोणनव्वदची. मीही त्याच वर्षी
बोनसरीच्या पत्र्याच्या ऑफिसात
ट्रिपांच्या पावत्या फाडायला लागले होते.

आता ती गळते.
पंपाच्या पोटातून, रात्रभर,
आणि सकाळी कोपरखैरण्याच्या आमच्या फरशीवर
बशीएवढा डाग.
सोसायटीचे सेक्रेटरी डागाचा फोटो पाठवतात.
खाली काही लिहीत नाहीत.

तुर्भ्याला लतीफ मुकादम बसतो.
नोझल दाबून फवारा सोडतो, पण बघत नाही,
मान वळवून ऐकतो.
चांगली नोझल कुरकुरते म्हणाला,
गप्प बसली की समजायचं गेली.
"इंजिनाला काही झालं नाही, ताई.
डिझेल बदललंय.
आता धुऊन देतात. गंधक काढलं,
त्याच्याबरोबर जुना ओशटपणाही गेला.
तुमचे रबर त्या घाणीवर फुगून बसले होते,
स्वच्छ तेल लागलं आणि आक्रसले."

मी हसले.
अठ्ठावीस वर्षं दगडाची भुकटी गिळली, काही झालं नाही.
काचा लावलेल्या घरात राहायला आले
आणि पहिल्याच थंडीत खोकला धरला.

सेक्टर एकोणीसच्या दुकानात बाटल्या उभ्या होत्या:
निळी, सोनेरी, एकीवर धावता चित्ता.
जीनेश नावाचा पोरगा पाठ केल्यासारखा बोलला,
सीटेन वाढवते, कार्बन खाते, पिकअप देते.
चित्त्याचं बूच आधीच कोणीतरी फिरवलेलं.
सहाशे चाळीस.
मी ती उजेडाला धरली. आत चहाचा रंग होता.

बाळाराम मढवी असता तर थुंकला असता.
आमचा ड्रायव्हर. घासलेट ओतून चढ चढायचा,
वाचलेलं डिझेल कुठे जायचं
ते शेठ सोडून सगळ्या खाणीला माहीत.
पावतीत पन्नास, टाकीत चाळीस.
मी पन्नासच लिहायचे.
जीप तेव्हाही धूर काढत वर जायची,
तिने कधी नाव घेतलं नाही.

लतीफने सील बदलले.
"रबराला बाटलीतलं औषध नसतं," म्हणाला.
"पंपाला मात्र थोडं वंगण द्या.
टू-टीचं तेल, दोनशेला एक.
आधी तेल, मग डिझेल, म्हणजे आपोआप ढवळतं.
आणि टाकी अर्धी ठेवू नका,
रिकाम्या जागेत पाणी धरतं."
हे शेवटचं त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं,
पान्हा पुसता पुसता.

महापेच्या पंपावर प्रणाली म्हणाली, "झीरो बघा."
मी म्हटलं, थांब.
मापाला घरून खोकल्याच्या औषधाचं झाकण आणलं होतं,
दहा मिलीचं. पन्नास लिटरला पंचवीस झाकणं.
मागे टेम्पोवाले हॉर्न देऊ लागले.
सोळा. सतरा.
कोणीतरी ओरडलं, "आजी, बाळाला पाजताय काय?"
प्रणाली खुदकन हसली, मीही,
आणि एकविसावं की बाविसावं, ते सुटलं.
आयुष्यभर मोजणाऱ्या बाईचं.

रविवारी वर गेले.
खाणीच्या रस्त्यावर आता घाणेरीचं रान आहे.
दुसरा लिव्हर ओढला, तिने दात खाल्ले,
मग लागली.
दगड सरकत होते, ती कुरकुरत होती,
आणि मला लतीफची वळलेली मान आठवत होती.
खाणीत हिरवं पाणी साचलंय. ऑफिसच्या जागी
चार बोल्ट वर आलेले, बाकी काही नाही.
इंजिन चालू ठेवून खाली वाकून पाहिलं.
पंपाखाली एक थेंब लोंबत होता.
बराच वेळ पाहिलं. पडला नाही.

डॅशबोर्डच्या खणात जुनं पावतीपुस्तक आहे,
कार्बनसकट.
तारीख टाकली. डिझेल पन्नास.
तेल: दोनशे चाळीस. किंवा दोनशे पन्नास.
या वेळी दोन्ही आकडे लिहिले,
खाली सही केली,
आणि पावती न फाडता पुस्तक मिटलं.