दरजा

एव्हारिस्त म्हातारा म्हणतो, बुजवून टाक.
वर सिमेंटची लादी ठोक, खाली विटांचा आडोसा कर,
मोकळी हो तू, आणि मीही.
वर्षातून तीन रात्री थंडी पडते इथे.
तीन रात्रींसाठी कोण पोसतं धुराडं?

मी शिडीवर. ऑगस्ट, सकाळचे आठ.
बायू लाफूर्शवरून येते ती हवा नसतेच,
कोमट पाण्यात बुडवून न पिळलेलं फडकं असतं.
घड्याळाची काच आतून घामेजलीय.
विटेवर बोट टेकवलं
तर बोटाला लाल पीठ.

त्याच्या आजोबांनी याच काठची माती भाजून
विटा पाडल्या, मऊ, पावासारख्या,
आणि शिंपले जाळून केलेल्या चुन्यानं दरजा भरल्या.
साठ वर्षं ओल आली, ओल गेली,
कुणी तिचं मनावर घेतलं नाही.

मग एक शहाणा आला, सिमेंटची पोती घेऊन.
दरजा दगड झाल्या. वरून पांढरा रंग,
पाणी आत जाणारच नाही असा.
गेलं. ते जातंच.
बाहेर यायची वाट तेवढी बंद झाली.
आता सिमेंटची जाळी शाबूत उभी आहे
आणि मधल्या विटा पोपडे धरून गळतायत,
लोणा फुटलाय सगळीकडे.

माझा बाप म्हणायचा,
चुन्यानं विटेपेक्षा मऊ असावं.
भेग पडायचीच, ती चुन्यात पडू दे,
चुना पुन्हा भरता येतो.
बापाचं फारसं काही पटलं नाही मला.
हे पटलं.

आतली झडप गंजून अर्धी उघडी राहिलीय,
बोलता बोलता थांबलेल्या तोंडासारखी.
काजळी वर्षभर पाणी पिते आणि आंबते.
दिवाणखान्यात तो वास:
विझवलेल्या शेकोटीवर कुणी व्हिनेगर ओतल्यासारखा.
ओझीत होती तेव्हा
चुलीत कॉफीचा चोथा ठेवायची बशीत, वासावर उतारा म्हणून.
बशी अजून तिथेच आहे.
मी ती उचलून बाजूला ठेवली
आणि म्हाताऱ्यानं पाहिलं, बोलला नाही.

मी सांगितलं, दोन्हीकडून बुजवलंस
तर आतल्या आत घामानं मरेल ते.
आग नको तर नको पेटवूस,
पण श्वास राहू दे.

तो म्हणाला, किती?
मी आकडा सांगितला.
तो फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणाला, जे मला समजतं.

अकरा दिवस छिन्नी. भाचा रेमी खाली ताडपत्री धरून,
केसांत सिमेंट, तोंडात तक्रार.
मग चुना, बोटाच्या पेराएवढा खोल,
आणि वर स्टीलची जाळीदार टोपी.
चुना घाईत वाळला की भुगा होतो,
म्हणून ओली गोणपाटं टांगली चहूबाजूंनी.
पाण्याशी भांडायला आलेली मी
रोज दोनदा पाणी मारत होते.
रेमीला हे फार विनोदी वाटलं.

जानेवारीत रात्री साडेदहाला फोन.
‘धूर घरात येतोय. तुझं काम.’
म्हटलं, वर थंड हवेचं बूच बसलंय.
वर्तमानपत्राची सुरळी पेटव,
झडपेपाशी धर, हात लांब ठेवून.
कागदाची चुरचुर. शिवी. खोकला.
मग बराच वेळ काही नाही.

मग खोल कुठूनतरी एक ‘हूऽऽ’,
रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी फुंकल्यासारखं,
आणि म्हाताऱ्याचा आवाज, एकदम बारीक:
ओढतंय.

फोन ठेवायला विसरला तो.
मी ऐकत राहिले. पिकानचं लाकूड तडकत होतं,
खुर्चीचे पाय फरशीवर ओढले गेले,
एकदा, आणि थोड्या वेळानं परत,
आणखी जवळ.

राहिलेल्या चाळीस डॉलरचं
मी काही काढलं नाही.