जिथे ठिपका नाही

बारा वर्षं मी झाकण काढून उताणं ठेवत आलो.
आतल्या बाजूला तो कागद चिकटवलेला असायचा,
उन्हानं पिवळा, एका कोपऱ्यातून सुटलेला,
नुसता रेघांचा पसारा.
त्याच्यावर मी स्क्रू ठेवायचो, हरवू नयेत म्हणून.

बाकी सगळं हाताला माहीत होतं.
कॉम्प्रेसर उठताना किती थरथरतो,
गॅस कमी असला की पाइपवर बर्फ कुठवर चढतो,
आणि जळक्या वायरचा वास तर मला जिन्यातच यायचा.
लोक म्हणायचे, भोईरांना नुसतं बोलवा,
मशीन घाबरून चालू होतं.
मला कागद वाचता येत नाही
हे फक्त त्या कागदाला ठाऊक होतं.

मग साकीनाक्याच्या आमच्या गाळ्यात नफिसा आली,
आयटीआयची, एकोणीस वर्षांची, खिशाला तीन पेनं.
पवईच्या एका ऑफिसच्या गच्चीवर
मी लाल वायर शोधत होतो.
आधीच्या कुणीतरी सगळ्याच काळ्या टाकलेल्या.
तिनं कागदावरचे माझे स्क्रू बाजूला केले, म्हणाली,
‘रंगावर जाऊ नका, दादा. नावावर जा.’
हळूच म्हणाली. वॉचमन जवळ उभा होता.

तेव्हापासून डब्याच्या वेळेला शिकवणी.
भाकरीखालच्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेला
डावीकडे फेज, उजवीकडे न्यूट्रल,
मधे शिडीच्या पायऱ्या.
‘दोन रेघा एकमेकींवरून गेल्या म्हणजे भेटल्या असं नाही.
ठिपका असेल तरच जोड.
नसेल तर नुसतं जाणं-येणं, ओळखसुद्धा नाही.’
मी म्हटलं, आमच्या एसआरएच्या लिफ्टसारखं.
ती हसली. तिचीही एसआरएच.

‘आता कॉन्टॅक्टर बघा. कॉइल इथे, खालच्या पायरीवर,
आणि तिनं ओढायचे पॉइंट तिकडे, पार वर.
कागदावर वीतभर लांब,
खोक्यात एकाच मुठीत मावणारे.
नाव एक म्हणून वस्तू एक.’
हे डोक्यात शिरेपर्यंत रमजान लागला.
ती जेवायची नाही, मी तिच्यासमोर डबा उघडायचो नाही,
कागद तेवढा दोघांच्या मधे.

एकदा कॉम्प्रेसरच्या तीन पिनांची अक्षरं पुसलेली.
मीटर लावला. चार. दीड. साडेपाच.
‘सगळ्यात जास्त ज्या दोघींत, त्यांना सोडा.
उरली ती कॉमन.’
चार आणि दीड, साडेपाच.
शाळा सुटल्यावर पहिल्यांदा
माझी बेरीज बरोबर आल्याचं कुणी सांगितलं,
तेही मीटरनं.

तिच्या वहीत कपॅसिटर म्हणजे दोन रेघा, मधे फट.
मी बाही सारून मनगटावरचा डाग दाखवला.
मेन पाडल्यावरही हा धरून बसतो,
हे कुठल्या खुणेत लिहिलंय?
तिनं मागची पुढची पानं चाळली.
मग त्या फटीत, बारीक निबानं,
एक उघडा डोळा काढला.

परवा चेंबूरला, चौदाव्या मजल्यावर, मी एकटाच.
झाकणाच्या आत कागद नव्हता,
गोंदाचा चौकोन राहिलेला फक्त.
काम झालं, थंड हवा लागली, घरातल्या बाई पैसे काढायला आत गेल्या.
मी मार्कर काढला.
पत्र्यावर दोन उभ्या रेघा, पायऱ्या, नावं,
जोड होते तिथे ठिपके, दाबून.
एक वायर भिंतीत गेली होती,
कुठे निघते ते मला सापडलं नाही,
तिच्या टोकाला प्रश्नचिन्ह.
तारीख घातली. सही करणार होतो, नको वाटलं.

शाई ओली होती.
चारही स्क्रू मी
तोंडात धरले.