दीड तास

सोहारमध्ये साडेआठ, तिकडे दहा.
स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत आमच्या,
आणि मला उगाच वाटतं
यादी तिकडे लागूनसुद्धा गेली,
समुद्रावरून यायला दीड तास घेतेय.
"बाबा, असं नसतं," उर्वी म्हणते. "क्षण एकच असतो."

भोपाळहून आल्यापासून ती चेस्ट नंबर सतरा आहे.
मेडिकलला डाव्या कानात मळ निघाला,
तेवढ्या मळात आमचे तीन आठवडे गेले.

पहाटे, उन्हाआधी, ती किनाऱ्यानं पळते.
जाळी ओढणारे बलुची आता ओळखतात तिला.
एक म्हातारा ओरडतो, "यल्ला, कॅप्टन!"
ती हसत नाही. हात फक्त हलवते,
थांबली तर काहीतरी मोडेल तशी.

वीणा सूकमध्ये जाऊन आली.
ट्रंक घेतली नाही,
भाव तेवढा विचारला.

एकोणीस वर्षं बंदरावर क्रेन चालवतोय.
उचललं ते सगळं दुसऱ्याचं,
आणि टेकवलं अलगद, अंड्यासारखं.
हे मात्र कशातच अडकवता येत नाही.

आज शुक्रवार. पान उघडतंय, चक्र फिरतंय.
ज्या देशातून पोटासाठी निघालो
तो हिला बोलावतोय का, हे बघायला
मी शेवटून सुरू करतो, खालून वर.
का, ते वीणालाही सांगितलेलं नाही.

उर्वी बाल्कनीत बुटांच्या नाड्या धुतेय.
विचारत नाही.
नळ मात्र बंद केलाय तिनं.

मी अजून चारशेच्या आसपास आहे.