अजून काळी पडली नाही

सांकवाळच्या चढावर, भंगाराच्या अड्ड्यामागे
अकरा झोपड्या.
पुढ्यात रिकाम्या बाटल्यांचा डोंगर,
कळंगुट, बागा, कोलवा,
जिथे जिथे माणसं अर्धं पाणी पितात
आणि उरलेलं वाळूत ओततात, तिथून आलेल्या.
झोपड्यांतून मात्र नाल्याकाठच्या खड्ड्यातलं पाणी.

मला फोन आला नाही.
फोन केला की नाव सांगावं लागतं.
हमीद नावाचा पोरगा उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसला,
पोटावर हात ठेवून बोटं मोजत राहिला.
एका हाताची संपली, दुसऱ्याची सुरू झाली,
तेव्हा मी चप्पल घातली.

सेनोवाराची धाकटी, सेतारा.
वय विचारलं तर म्हणाली,
नावेतून उतरलो तेव्हा रांगत होती.
चिमटीत धरलेली कातडी
परत जायचं विसरत होती.
डॉक्टरांना फोनवर विचारून सलाईन लावली,
खिळा नव्हता,
उभ्या केलेल्या मोडक्या फ्रिजच्या मुठीला बांधली.
गाडी बोलावते म्हटलं तर सेनोवारानं मनगट धरलं:
तिथे कागद मागतात.
मी म्हटलं, आधी मुलगी, मग कागद.
म्हणताना माझाच आवाज मला पोकळ वाटला.

फानी, फानी, मुलगी पुटपुटत होती.
मला आधी त्या वादळाचं नाव वाटलं.
मग कळलं, पाणीच ते.
ओठ मिटल्याशिवाय म्हणता येतं असं पाणी.
चमच्याने देत राहिले, साखर-मिठाचं,
एक चमचा, थांब, एक चमचा,
चार झोपड्यांत चार वाट्या,
हमीद कंदील घेऊन माझ्या पुढे.

सकाळी त्याच डोंगरातल्या बाटल्या निवडल्या,
पारदर्शक, चरे नसलेल्या.
खड्ड्यातलं पाणी फडक्यातून गाळून भरलं
आणि पत्र्यावर आडव्या टाकल्या.
सहा तास ऊन पिऊ दे त्यांना, मग तुम्ही प्या.
बायका हसल्या.
चैत्रातलं ऊन तेवढं फुकट होतं.

पण पाऊस आला की काय?
म्हणून उताराच्या खालच्या घराकडे गेले.
गेटावर ‘कुत्र्यापासून सावध’,
कुत्रा मरून चार वर्षं झालेली.
एर्मेलिंदाबाय माडाखाली सोलं वाळत घालत होती.
विहिरीचं पाणी द्याल का, वर पाइप टाकून?
कोणाला?
सांगितलं.
कुठले ते?
अराकानचे.

तिनं हात पदराला नाही, फ्रॉकला पुसले, सावकाश.
माझी आई रंगूनहून चालत आली, बेचाळीस साली.
पाय बेकरीत होता तिथे, तो वाटेतच राहिला.
अराकानच्या वाटेवर कोणीतरी तिला
करवंटीतून पाणी दिलं.
मी पोटात होते.
म्हणजे मीसुद्धा प्यायले असणार.
थोडा वेळ गप्प बसली.
मग विचारलं, पंप किती युनिटं खाईल?
आणि मी आकडा सांगायच्या आत,
व्हर गो, बाय.

संध्याकाळी विहिरीचा नमुना घेतला.
तपासणीची बाटली, तळाशी पट्टी.
पाण्यात घाण असेल तर चोवीस तासांत काळं पडतं.
ऊब लागते त्याला, म्हणून स्वयंपाकघरात ठेवली,
चुलीशेजारी, मिठाच्या बरणीला टेकून.
नवरा म्हणाला, हे काय?
म्हटलं, विहीर.

रजिस्टरमध्ये पत्त्याचा रकाना रिकामा ठेवता येत नाही.
लिहिलं: एर्मेलिंदाबायच्या विहिरीच्या वर.
आता रोगीही पाण्यावरून ओळखायचे.
रात्री दोनदा उठले, टॉर्च मारला.
पिवळट, तशीच.

पाच चाळीसला हमीद दारात, धापा टाकत.
शब्द सापडेना त्याला,
म्हणून हातानं धार काढून दाखवली, जमिनीकडे,
आणि स्वतःच लाजला.
सेतारानं लघवी केली होती.
मी वेळ टिपली. नाव टिपलं.
पुन्हा एकदा बरणीकडे पाहिलं.

अजून काळी पडली नाही.
तेरा तास बाकी आहेत.